सासूबाईंच्या वाटचं ऊन

घराला सोलर पॅनेल किती लागतील, हे काढायला फार अक्कल लागत नाही. विजेचा सरासरी वापर घ्यायचा, एक पॅनेल किती वीज देतं त्याने भागायचं. आमच्या घराचं गणित मी गॅसवर दूध ठेवून केलं. दूध उतू जायच्या आत उत्तर आलं : तीन.

ह्यांचा चेहरा पडला. समोरच्यांच्या गच्चीवर आठ होती.

"नीट भाग. काहीतरी चुकतंय."

"पुन्हा भागलं. तरी तीनच."

मग सौरऊर्जा सल्लागारांना बोलावणं गेलं. ते मोजपट्टी आणि गंभीर चेहरा घेऊन आले.

"ताई, तीन पॅनेल घराला नसतात, टपरीला असतात. तुम्ही वापर मोजलात. मोजायची असते आकांक्षा. एसी किती?"

"एकही नाही," मी म्हणाले.

"म्हणजे पुढे दोन. विजेवरची गाडी?"

"स्कूटर आहे. बहुतेक वेळा ढकलतो."

"म्हणजे गाडीची निकड आहे," असं म्हणून त्यांनी तीही धरली. चहा संपेपर्यंत आमच्याकडे नसलेल्या वस्तूंचा भार एवढा वाढला, की घराला अकरा पॅनेल लागू लागली. हे बसल्या जागी उंच दिसायला लागले.

अडचण निघाली गच्चीवर. तिथे सासूबाई खुर्ची टाकून, गुडघे उन्हात देऊन बसल्या होत्या. सकाळचं ऊन मिळालं की त्यांचे गुडघे दिवसभर कुरकुर करत नाहीत. नाही मिळालं, तर गुडघे आणि सासूबाई दोघंही करतात. सल्लागारांनी ऊन मोजायचं यंत्र काढून चहूकडे फिरवलं. गच्चीवरचं सर्वोत्तम ऊन नेमकं त्या खुर्चीत होतं.

त्यांच्या अहवालात नोंद झाली : 'अडथळे – पाण्याची टाकी, कपड्यांची दोरी, आजी. पैकी शेवटचे दोन स्थलांतरयोग्य.'

"मग मी बसू कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

"पॅनेलखाली बसा ना आजी. छान सावली असेल."

"सावलीत बसायला जिना चढून कशाला येऊ रे? सावली खाली फुकट आहे."

"आई, आपण हे निसर्गासाठी करतोय," हे म्हणाले.

निसर्गाचं नाव निघाल्यावर कोण काय बोलणार? मीच खुर्ची उचलली. खुर्ची खाली आली.

अकरा पॅनेल बसली. दोरी गेली म्हणून कपडे वाळवायचं यंत्र आलं. तरी वीज उरायची. मग वीज खात्याची सूचना आली, की मंजूर क्षमतेइतका वापर न झाल्यास क्षमता घटवण्यात येईल. ह्यांनी ऑफिसातून फोन केला.

"मिक्सर लाव!"

"त्यात घालू काय?"

"काही घालू नकोस. नुसता फिरव."

मी फिरवला. इकडे सासूबाईंचे गुडघे आखडले. डॉक्टरांनी तपासून एकच औषध सांगितलं : रोज तासभर ऊन. हे तडक बाजारात गेले आणि उन्हाचा दिवा घेऊन आले. चांगला परातीएवढा. सासूबाई त्याच्यापुढे पाय पसरून बसल्या.

"हे ऊन येतं कुठून रे?"

"गच्चीवरून, आई."

"माझ्या खुर्चीच्या जागेवरून?"

"हो, बरोब्बर तिथूनच!" ह्यांना वाटलं, आईला तंत्रज्ञान कळलं.

"तिथनं तर मी स्वतःच घेत होते की!"

दिव्यामुळे वापर मंजूर क्षमतेच्या वर गेला. सल्लागार पुन्हा आले, खूश दिसले. बारावं पॅनेल लागणार होतं आणि गच्ची भरलेली. त्यांनी यंत्र घरभर फिरवलं आणि सासूबाईंच्या खोलीत थांबले. त्यांच्या खिडकीत दुपारी जरासं ऊन येत होतं.

"बसवा बाबा," सासूबाई म्हणाल्या. "माझं काय एवढं? दिव्याला ऊन मिळायला हवं."

काल समोरच्या वहिनींनी फाटकातून विचारलं, "तुमच्याकडे आता किती झाली हो?"

"बारा," मी म्हणाले, आणि खरं सांगते, मान आपोआप ताठ झाली.

वहिनींनी हळूच आपल्या गच्चीकडे पाहिलं. तिथे उरलेल्या कोपऱ्यात त्यांचे सासरे डोळे मिटून, उन्हाला पाठ देऊन बसले होते.

तुमच्या गच्चीवर कोण बसतं हो?