मढवी मामांचा ॲक्टर

मढवी मामा वायर चाटत असत. हे मी अलंकारिक अर्थानं सांगत नाही. बिघडलेल्या मशीनचा एखादा प्लग सुटा करायचा, मशीनची बॅटरी बंद आहे ना ते दोनदा बघायचं, मग जिभेचं टोक त्याच्या पितळी काड्यांना लावायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. थोड्या वेळानं निकाल लागायचा. "खारा हाय." म्हणजे खाडीची हवा आत शिरून प्लग गंजलाय. "कडू हाय," म्हणजे डिझेल झिरपलंय. आणि नुसतंच "हं" म्हणून ते चहाला निघून गेले, तर प्लग निर्दोष सुटला असं समजायचं.

हे वर्कशॉप कोलशेतला, खाडीच्या बाजूला. मोठमोठी खोदाईची मशीनं तिथे दुरुस्तीला यायची. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास मी तिथे लागलो. डोंबिवलीचा मुलगा, डिप्लोमा फर्स्ट क्लास, शर्टाच्या खिशात चार पेनं. मामा तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, जवळच्याच कोळीवाड्यात राहणारे. वर्कशॉपला यायच्या आधी त्यांनी वीस वर्षं मचव्यांची इंजिनं दुरुस्त केलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना माझं नाव सांगितलं. ते त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि पुढे नऊ वर्षं मला "डिप्लोमा" अशीच हाक मारली.

तेव्हा नव्या पद्धतीची मशीनं यायला लागलेली. त्यांत केबिनमधून इंजिनपर्यंत जाणारी जुनी केबल नसायची. ऑपरेटरनं एक गोल बटण फिरवायचं, की इंजिनपाशी बसवलेली छोटीशी मोटर एक दांडी ओढणार आणि डिझेल कमी-जास्त होणार. पुस्तकात त्या मोटरचं नाव ॲक्चुएटर. मामांच्या तोंडात ते बसेना, आणि बसवायची त्यांची इच्छाही नव्हती. ते तिला "ॲक्टर" म्हणत.

"डिप्लोमा, ॲक्टरवर पहिला आळ घ्यायचा नाय," ते मला बजावायचे. "तो सांगतील तसा नाचतो. त्याला कोन नाचवतो, तो शोध."

पण मी पुस्तकवाला. इंजिन नीट चढत नाही, लिहा रिपोर्ट: ॲक्चुएटर निकामी. लागल्यावर महिन्याभरातच मी असे तीन लिहिले. तिसऱ्या वेळी मामांनी ती मोटर माझ्याकडून मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक चकचकीत पुडकं माझ्या हातात ठेवलं. "नवा ॲक्टर. डायरेक जपानवरना." मी तो बसवला. इंजिन सुरेख चालायला लागलं. मी रिपोर्टवर सही केली, वर "नवीन पार्ट उत्तम" असा शेराही मारला. जेवणाच्या सुट्टीत कळलं की ती जुनीच मोटर होती. मामांनी तिला पॉलिश केलेलं आणि गुपचूप दांडीचा सैल स्क्रू आवळलेला. माझा तो शेरा पुढे आठवडाभर नोटीसबोर्डावर लागलेला होता. कुणी लावला, हे विचारायची गरजच नव्हती.

मग दिवा गावातलं प्रकरण झालं.

दिव्याला पाण्याच्या पाइपासाठी लांबलचक चर खणायचं काम चाललेलं. तिथल्या मशीनचं इंजिन अचानक चढायचं, अचानक उतरायचं, दमेकऱ्यासारखं. मी दोनदा मीटर घेऊन गेलो. दोन्ही वेळा दुपारी तीनला पोचलो आणि मशीन अगदी शहाण्यासारखं चाललेलं. तिसऱ्या खेपेला मी कंटाळून मोटर बदला असं लिहून टाकलं. मोटर यायला तीन आठवडे लागणार होते. चराच्या कडेला रिकामे हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका रोज विचारायच्या, पाणी कधी येणार.

साइटचे सुपरवायझर सावंत वैतागले. "तुम्ही आलात की मशीन बरं होतं. म्हणजे हा ऑपरेटरच काहीतरी करतोय. सोमवारपासून दुसरा माणूस आणतो."

ऑपरेटर होता बबन. नगरकडचा, गळ्यात तुळशीची माळ, दिव्यातच एका खोलीत एकटा राहणारा. तो नुसता हातातल्या टोपीच्या घड्या घालत राहिला. मला ते बघवेना. शनिवारी मी मामांना घेऊन आलो.

मामांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बबनसमोर मातीच्या ढिगावर बसले.

"किती वाजता चालू होतो ह्याचा खेळ?"

"साडेअकराच्या पुढं."

"आनि थांबतो कवा?"

"एकला. जेवायच्या सुट्टीनंतर मग कायबी न्हाई."

"रोज?"

"रोज." बबन जरा थांबला. "मागच्या एकादशीला न्हाई केलं."

मला हसू आलं. मशीन उपास करतं, असा रिपोर्ट मी कसा लिहिणार होतो? मामा हसले नाहीत. उठले, इंजिनचं झाकण उघडलं आणि मोटरच्या दांडीखाली वाकून बघितलं. तिथे एक पिवळट डाग होता. मी तो दोनदा पाहिलेला आणि ग्रीस म्हणून सोडून दिलेला. मामांनी तो बोटावर घेतला आणि जिभेला लावला.

"डिप्लोमा," ते डोळे मिटूनच म्हणाले, "हा ग्रीस नाय. फोडनी हाय. हिंग जास्त पडलाय."

बबनचा चेहरा पांढरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो साडेअकराला डबा गरम व्हायला इंजिनवर ठेवायचा. हादऱ्यानं पडू नये म्हणून सुतळीनं बांधायचा. आणि बांधायचा नेमका त्या दांडीला, कारण "ती निस्ती लोंबत्यासारखी दिसायची, म्हटलं हिला काय काम न्हाई." मोटर बिचारी दांडी एका बाजूला ओढायची, डबा हलून दुसऱ्या बाजूला. एक वाजता बबन जेवायला डबा काढायचा आणि मशीन बरं व्हायचं. एकादशीला डबाच नसायचा.

"पहाटं चारला नळ येतो," तो खाली बघत म्हणाला. "तवाच भात टाकतो. दुपारपतुर दगड हुतो."

एवढ्यात सावंत येताना दिसले. मामांनी बबननं काढून दाखवलेला सुतळीचा तुकडा झटकन खिशात घातला आणि चेहरा गंभीर केला.

"सावंत साहेब, खाडीची हवा. प्लगमदी मीठ शिरला. ऑपरेटरचा काय दोष नाय. साफ करतो, पन कोनतरी जबाबदार मानूस पायजे बॅटरी धरायला."

मग लख्ख उन्हात सावंतांनी तासभर हातात बॅटरी धरली. मामा एक अत्यंत स्वच्छ प्लग आणखी स्वच्छ करत राहिले. मधूनमधून "जरा वर... जरा डावीकडं" असं सांगत होते. मी इंजिनाच्या मागे जाऊन रुमाल तोंडात कोंबला. बबनची नोकरी राहिली. चर पुढे सरकला.

परतताना मी विचारलं, "मामा, तुम्हीच म्हणता ना, नाचवणाऱ्याला शोधा? मग सापडल्यावर खोटं का बोललात?"

"सापडला की. भूक नाचवत होती. तिला सावंत कामावरना कसा काढनार?"

मामांकडून असं काही ऐकायची मला सवय नव्हती.

आमच्या वर्कशॉपला शुक्रवारी सुट्टी असायची. पंधरा-वीस दिवसांनी अशाच एका शुक्रवारी मला दिव्यात एका नातेवाइकाकडे जायचं होतं. वाटेत साइट लागली, म्हटलं मशीन बघून जावं. एक वाजून गेलेला. मशीनच्या सावलीत रॉकेलचा स्टो पेटलेला होता आणि त्याच्यासमोर मढवी मामा बसलेले. सुट्टीचा स्वच्छ सदरा घातलेला. पातेल्यात वरण उकळत होतं, शेजारी बटाट्याची भाजी. भाजीला आयुष्यभर "पाला" म्हणणारा हा माणूस मन लावून कोथिंबीर निवडत होता. बबन दोन ताटल्या पुसत होता.

मला बघून मामा चपापले. चोरी पकडल्यासारखे.

"बबन मासे खात नाय," त्यांनी घाईघाईनं खुलासा केला. मी काही विचारलेलं नव्हतं.

"दर शुक्रवारी येत्यात," बबन म्हणाला. "कोलशेतवरनं."

मामी जाऊन तीन वर्षं झाली होती. तेवढं वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही.

मामा स्टोची ज्योत बारीक करत राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकल्यासाठी स्टो पेटवायचा कंटाला येतो रे. दोघांचा करायचा बोल्लं, का हात आपोआप चालतो."

बबननं पिशवीतून तिसरी ताटली काढली, पुसली आणि माझ्यासमोर ठेवली.