वरातीत रेसचा क्लच

"शेवटचं विचारतो," गाडीखालून बाहेर येत अझहर म्हणाला. "रोज तळोज्याला कामावर जायचंय, की रेस जिंकायचीय?"

"दोन्ही," शैलेश म्हणाला.

इथेच सगळं बिनसलं. शैलेशची ती जुनी लाल गाडी. वर्षातून कधीमधी तो ती घाटापलीकडच्या रेसट्रॅकवर पळवायचा आणि उरलेलं वर्षभर तिच्यातूनच खड्डे चुकवत फॅक्टरी गाठायचा. अझहर त्याचा शाळेपासूनचा दोस्त, पनवेलात त्याचं गॅरेज. बाकड्यावर दोन जोड्या मांडलेल्या होत्या. एक जरासा तगडा पण साधाच क्लच, त्याच्यासोबत गाडीचंच मूळचं जड फ्लायव्हील, म्हणजे इंजिनासोबत फिरणारं लोखंडी चाक. दुसरा खास रेसचा. त्याच्या प्लेटवर अस्तराऐवजी धातूच्या टिकल्या, आणि सोबत जेवणाच्या ताटासारखं हलकं फ्लायव्हील.

"हे बघ, फ्लायव्हीलच्या वजनावर इंजिन श्वास धरून राहतं," अझहर म्हणाला. "हलकं घातलंस तर झटक्यात पळेल आणि झटक्यात मरेल. आणि या टिकल्यांना अधलंमधलं काही कळत नाही. धरलं तर धरलं, सोडलं तर सोडलं. ट्रॅफिकमध्ये रडशील, कसम से."

"व्हिडिओवाला तर म्हणतो, काही त्रास नाही."

"तो व्हिडिओवाला कळंबोली सर्कलला अडकलाय कधी?"

अडकला नव्हताच. हे व्हिडिओवाले महा लबाड. स्वतः मोकळ्या रस्त्यावर गाडी उडवायची आणि अक्कल शिकवायची ती खड्ड्यात जगणाऱ्यांना. पण अझहरही काही कमी नव्हता. जन्मभर टेम्पो आणि रिक्षा उघडणाऱ्या त्याच्या हातांना तो टिकल्यांचा क्लच एकदा बसवून बघायचाच होता. म्हणून त्याने केला तो विरोध नुसता तोंडदेखला. संध्याकाळी रेसचा क्लच गाडीच्या पोटात होता आणि मूळचं फ्लायव्हील कोपऱ्यात.

शैलेश गाडीसकट ठेचकाळत घरी पोचला, तर ओटीवर बाबा, म्हणजे धर्मराज, जाळं विणत बसलेले.

"शैल्या, देवेशच्या वरातीला भाड्याची गाडी नाय आणायची. हीच सजवू."

"बाबा, हिला कशाला? आत्ताच काम केलंय, अजून..."

"अजून काय? ह्या गाडीपायी घरात लोखंडाबिगर काय दिसत नाय. एकदा तरी घराच्या कामाला येऊ दे. वरात नीट पोचली तर ठेव. नाय तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलवतो."

बाबा बोलले म्हणजे बोलले. पूर्वी असंच सांगून त्यांनी शैलेशची मोटारसायकल घालवली होती. धाकट्या भावाची वरात म्हणजे शैलेशलाही नाही म्हणता येईना. आणि नवरीचं घर तर गावातच, दुसऱ्या टोकाला. एवढंसं अंतर, त्यात काय होणार?

काय होणार! वरातीसारखी गाडीची परीक्षा कुठला रेसट्रॅक घेत नाही. पुढे बेंजोवाले, त्यांच्यापुढे नाचणारं अख्खं गाव, मागे बायका. गाडीने मुंगीच्या पावलाने सरकायचं, थांबायचं, पुन्हा सरकायचं. हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं.

त्यात सोनाबाई आत्या. नवरदेव गाडीत बसला आणि तिने खिडकीत डोकं घालून बजावलं, "देवेश, आता मांडवापर्यंत पाय खाली ठेवायचा नाय. आमच्यात चालत नाय."

बेंजो वाजला. शैलेशने श्वास रोखून क्लच सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि मेली. देवेशचा फेटा नाकावर आला.

"दादा, काय करतोस?"

"गप बस, नवीन आहे."

"मी पन नवीन हाय! पयल्यांदाच लगीन करतोय!"

पुन्हा चालू, पुन्हा उडी, पुन्हा बंद. चौथ्या-पाचव्या उडीला बेंजोवाल्याने ताल पकडला. गाडी उडाली की ढोल वाजे, ढोल वाजला की गाव उडे. एक काका बोनेट थोपटत ओरडले, "आरं, गाडीला पन चढलीय!"

शैलेशला रडू येत होतं. मग त्याला शहाणपण सुचलं. इंजिन मोठ्याने रेटायचं आणि क्लच अर्धवट दाबून गाडी हळूहळू सरकवायची. गाडी खरोखर सरकू लागली. थोड्या वेळाने सोनाबाई नाक वर करून म्हणाली, "काय करपलं गो? कुनाच्या घरचं?"

करपलं होतं शैलेशच्या घरचंच. बोनेटखालून धूर आला. इंजिन बोंबलत होतं, गाडी जागची हलत नव्हती. वऱ्हाडात नाचणारा अझहर धावत आला आणि वाकून वास घेतला.

"टिकल्या गेल्या."

"मग आता?"

"आता दुआ कर."

देवेशने दार उघडलं. "मी चालत जातो, मुहूर्त टळंल."

"पाय खाली ठेवलास तर बग!" आत्याने दार धाडकन लावलं. आतला पाय आत राहिला म्हणून बरं.

बेंजो थांबला. गर्दी दुभंगली आणि तिच्यातून बाबा आले. शैलेशने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. आता गाव बघत असताना शिव्या, आणि उद्या भंगारवाला.

बाबांनी गाडीकडे बघितलं. धुराकडे बघितलं. मग नवा फेटा काढून आत्याच्या हातात दिला आणि धोतर खोचलं.

"गेर काड," ते शैलेशला म्हणाले. आणि मागे वळून ओरडले, "आरं, होडी रुतली तर घरी जाता काय? खांदा लावा!"

मग काय विचारता! रोज ओहोटीला चिखलातून होड्या काढणारी माणसं ती. "हय्या!" म्हणत बाबांनी पहिला खांदा लावला, मागोमाग गाव लागलं. अझहर एका बाजूला, बोनेट थोपटणारे काका दुसऱ्या. ना झटका, ना उडी. गाडी अशी निघाली की बेंजोवाल्यांनाच पळावं लागलं. वरात मुहूर्ताच्या आधी पोचली. गावात असं कधी घडलं नव्हतं.

मांडवाच्या दारात नवरीचे वडील कुमारशेठ डोळे विस्फारून बघत राहिले. मग त्यांचे डोळेच भरून आले. त्यांनी घामाने निथळणाऱ्या धर्मराजांचे दोन्ही हात धरले.

"व्याही, मोटारी सगलेच आनतात. तुमी जावयाला खांदा लावून आनलात! माज्या पोरीचा, कीर्तीचा, एवडा मान कुनी केला नसता!"

शैलेशला हसावं की लपावं कळेना. बाबांना धाप लागली होती. शिवी त्यांच्या अगदी ओठांवर होती, ती त्यांनी गिळली.

"आमच्यात असंच असतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला नाही. बाबांनी चहा पिताना एवढंच विचारलं, "चालू कदी व्हईल?"

अझहरने साधा क्लच बसवला. मूळचं जड फ्लायव्हीलही परत घातलं. ते त्याने गॅरेजचं दार उघडं ठेवायला टेकू म्हणून वापरलं होतं. "मला पण तो टिकल्यांचा बसवून बघायचाच होता रे," तो खाली मान घालून म्हणाला. शैलेशने त्याला मिठी मारली, ग्रीससकट. गाडी आता लोण्यासारखी सरकत होती, आणि ट्रॅकवर कुणाच्या मागे पडेल अशीही नव्हती.

थोड्याच दिवसांत गावातल्या दुसऱ्या लग्नाचं बोलावणं आलं. तीच लाल गाडी पाहिजे. शैलेश खूष. आता दाखवतो म्हणाला. बेंजो वाजला, त्याने अलगद क्लच सोडला आणि गाडी मुंगीच्या पावलाने, हिसका न देता, निघाली. डोळे भरून यावेत अशी.

खिडकीवर टकटक झाली. बाबा.

"बंद कर."

"बाबा, आता चालतेय ना!"

"चालतेय तर घरी चालव. पावन्यांनी मानाची वरात सांगितलीय."

शैलेशने किल्ली फिरवली, गिअर काढला. आरशात दिसलं, मागे बाबांनी फेटा काढून पुन्हा पहिला खांदा लावलेला, शेजारी अझहर दात काढत उभा. ज्या गाडीला बाबांनी देवेशच्या वरातीपर्यंत कधी हात लावला नव्हता, त्या गाडीला. शैलेशने मनातल्या मनात जळलेल्या टिकल्यांना हात जोडले आणि क्लचवरचा पाय काढून घेतला.

"हय्या!" बाबा ओरडले.