चार वाजता येणारी मंडळी

दलालाशिवाय घर शोधून दाखवीन, अशी मी नवऱ्यासमोर प्रतिज्ञाच केली. शिकलेली बाई आहे मी! मोबाइल आहे, जीभ आहे, मध्ये तिसरा माणूस हवाच कशाला?

घरमालकांनी महिनाअखेर घर रिकामं करायला सांगितलं होतं. कडेवर अडीच वर्षांची लेक आणि भिंतींवर तिने काढलेले हत्ती!

आणि सापडली जाहिरात! 'बागेजवळ दोन खोल्या, थेट मालकाकडून.' म्हणजे आमच्याच भागात! फोटोतल्या भिंती अशा पांढऱ्याशुभ्र, की हात धुऊन मगच टेकावं. ओट्यावर एक भांडं नाही, दोरीवर एक दुपटं नाही.

"खिडकी आपल्यासारखीच आहे," नवरा म्हणाला.

"हॅ! आपल्याकडे कुठे एवढा उजेड येतो?"

फोन मालकीणबाईंनी उचलला. आवाज लोण्यासारखा.

"खिडक्यांना जाळ्या आहेत ना?" माझा पहिला प्रश्न.

"आहेत की! आत्ता राहतात त्या बाईंनी माझ्या सासऱ्यांचं डोकं खाऊन बसवून घेतल्या. आज जाळी, उद्या नळ, परवा कडी! फोन वाजला की सासरे आंघोळीला पळायचे. म्हणून आता घराचं मी बघते."

"अगंबाई! काय एकेक माणसं असतात!"

"भिंतींचं तर विचारूच नका, फोटो त्या राहायला यायच्या आधीचे आहेत. मूल मोकाट सोडलेलं!"

"आईचं लक्ष नको का?" मी म्हटलं. माझी लेक तेव्हा कपाटावर हत्तीला सोंड काढत होती.

"तुमच्यासारखेच भाडेकरू हवेत हो! घर तुम्हालाच, शब्द दिला. उद्या चारला बागेच्या फाटकाशी या, मी घेऊन जाते."

संध्याकाळी आमच्या घरमालकांचा नवऱ्याला निरोप आला: उद्या चारला मंडळी घर बघायला येतील, जरा आवरून ठेवा. झालं! मी बाईंना फोन केला. "ताई, उद्या आमच्याकडेच कुणी रिकामटेकडे घर बघायला येताहेत. त्यांना वाटेला लावते आणि येते."

"सावकाश या. मी त्या घरीच जाऊन थांबते, फाटकाशी पोचलात की फोन करा."

दुसऱ्या दिवशी मी हत्ती घासले, दुपटी कपाटात कोंबली, खिडकीतले पेटारे हलवले. घरात भसकन उजेड आला! बेल वाजली. दारात एक बाई.

"मी मालकांची सून. मंडळी जरा उशिरा येतील. त्यांच्याकडेही कुणी रिकामटेकडे येणार आहेत म्हणे!"

आवाज लोण्यासारखा! फोनवरचाच!

"थांबा, फोन लावते त्यांना."

टेबलावर माझा फोन वाजला. मी झडप घालायच्या आत लेकीने तो उचलला आणि शहाण्या मुलीसारखा बाईंच्या हातात दिला!

बाईंनी दोन्ही फोन पाहिले. मला पाहिलं. घासूनही न गेलेला एक हत्ती पाहिला.

"ताई," मी चिरक्या आवाजात म्हटलं, "तुम्ही शब्द दिलाय..."

बाई आधी लाल झाल्या, मग पदरात तोंड खुपसून हसत सुटल्या. "राहा! पण भिंती रंगवून द्यायच्या. आणि नळाचा फोन मला नाही, नळवाल्याला!"

संध्याकाळी नवरा दारात दिसताच मी ओरडले, "मिळालं घर! थेट मालकाकडून! दलाल नाही की कुणी नाही!"

"कुठे?"

"इथेच."

त्याने शांतपणे बूट काढले. "दलालाने निदान दुसरं तरी दाखवलं असतं!"