शाणूमामांची बालदी

पाळी गावातल्या कुत्र्यांना दोनच गोष्टींचं भय होतं. एक खनिजाचे ट्रक आणि दुसरी शाणूमामांची बालदी. त्यातल्या त्यात ट्रक बरा, असं कुत्र्यांचं मत असावं. ट्रक आला की ती नुसती बाजूला सरायची. पण बालदीची कडी वाजली की वाड्यावरचं एकूण एक कुत्रं शेपूट पायांत घालून काजूच्या रानात पसार.

शाणूमामा कुत्री धुवायचे. कोणाचीही. खाणीचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे सगळंच तांबडं होतं. कौलं, केळी, तुळस, दोरीवरचे कपडे, सगळ्यावर खनिजाची धूळ. कुत्रं मुळात कोणत्या रंगाचं, ते त्याच्या आईलाच ठाऊक. मामांचा धवलो नावाचा कुत्रा हरवला होता. पांढराशुभ्र, डावा कान तेवढा काळा. आता तोही तांबडा होऊन ह्या तांबड्यांतच कुठेतरी हिंडत असणार, असं मामांचं म्हणणं. मग ओळखायचा कसा? धुऊन.

सापडेल त्या कुत्र्याला दोन गुडघ्यांत दाबून मामा त्याच्या डोक्यावर कोमट पाणी ओतायचे. "उगी राव रे! पळोवया, भितर कोण आसा तो!" आत कोण आहे ते बघू. आतून कधी पिवळा निघायचा, कधी काळा, कधी ठिपक्यांचा. "हो न्हय," हा नव्हे, असं म्हणून मामा त्याला जुन्या तुवाल्याने कोरडा करायचे, अर्धा उंडो, म्हणजे इथला गोल पाव, भरवायचे आणि सोडून द्यायचे.

एकदा वरच्या वाड्यावरची बाई धुतलेलं कुत्रं घेऊन तणतणत आली. "म्हज्या सुण्याक साबू लायलो तुमी! घरचीं मांजरां ताका वळखनात!"

मामा शांतपणे म्हणाले, "बाये, तुजो तुका मेळ्ळो मगे? मागीर रडटा कित्याक?"

तुझा तुला मिळाला ना, मग रडतेस कशाला! बाई कुत्रं काखोटीला मारून गेली.

मामा देवाशी मराठीत बोलायचे, कुत्र्यांशी कोकणीत, आणि घरी कोणी सरकारी माणूस आला तर पोर्तुगीजमध्ये, म्हणजे तो लवकर उठायचा. मराठी की कोकणी ह्या वादात तुम्ही कोणत्या बाजूचे, असं कोणी विचारलं तर म्हणायचे, "जो सुणो जाप दिता, ताचे बाजूचो." जो कुत्रा ओ देतो, त्याच्या बाजूचा.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या हंगामात मी आजऱ्याकडून इथे आलो. सातवीतून शाळा सोडलेली, ट्रकवर क्लीनर म्हणून सुरुवात, मग ड्रायव्हर. मी भित्रा माणूस. ब्रेक लागेल का, घरून पत्र आलं तर त्यात काय असेल, उद्या कोणी 'भायलो', म्हणजे बाहेरचा, म्हणून हाकलून दिलं तर, असल्या विचारांनी मला जेवण जात नसे. खोली शोधत मामांच्या दारात उभा राहिलो तेव्हा मी केसांपासून नखांपर्यंत तांबडा होतो. मामांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि न्हाणीकडे बोट दाखवलं. "पयलीं न्हा. मागीर सांग तूं कोण तें."

चुलीवर पाणी तापलेलंच होतं. परक्या गावात कोणी आपल्यासाठी पाणी तापवून ठेवतं, हे मी आजही विसरलेलो नाही. तापवलं होतं कुत्र्यांसाठी, हे नंतर कळलं. पण म्हणून काही ते थंड झालं नाही.

मामांची मुलगी फोंड्याला दिलेली. ती दर गणेशचतुर्थीला येऊन म्हणायची, "बाबा, आतां आमच्याकडेन चला." मामांचं उत्तर ठरलेलं. धवलो येईल, घर बंद दिसलं तर माघारी जाईल.

एका जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्या दामूने डिचोलीहून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला आणि अंगणात पिक्चर लावला. पिक्चर कुत्र्याचा होता. मालक आजारी पडतो, त्याला इस्पितळात नेतात. कुत्रा मालकाची एक चप्पल तोंडात धरून इस्पितळाच्या फाटकापाशी बसून राहतो. पावसात बसतो, उन्हात बसतो. अर्ध्या तासात सगळं अंगण मुसमुसू लागलं. बायकांचे पदर ओले, आडदांड ड्रायव्हर नाकं ओढतायत. मला आमच्या गोठ्यापाशी बसणारी माझी आई दिसू लागली आणि मी गमछ्यात तोंड घातलं.

रडले नाहीत ते एकटे मामा. ते चुळबुळत होते. "इतले दीस जाले, ताका न्हाणयना कोण! पळय कसो चिखलान भरला!"

शेवटी मालक मरतो. त्याला मागच्या दारातून नेतात आणि कुत्रा पुढच्या फाटकात तसाच बसलेला. झालं! मामा ताडकन उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

"त्या सुण्याक कोणेंतरी सांगपाक जाय आशिल्लें!" त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं! आवाज चिरका झाला होता. "इतले मनीस येतात, वतात. एकल्याकय जीब ना?"

"मामा, बसा हो! टीव्ही दिसना!" मागून ओरडा झाला. मामा बसले नाहीत. धोतर सावरत घरी निघून गेले. पिक्चरचा शेवट मग कोणीच नीट पाहिला नाही. मला वाटलं, पिक्चर लांबला म्हणून सगळे खाली माना घालून बसलेत.

दुसऱ्या दिवशी चहाचा ग्लास पुढ्यात ठेवून दामूने मला सांगितलं. धवलो हरवला नव्हता. मामा फोंड्याला गेले असताना तो वळणावर ट्रकखाली आला. ड्रायव्हर लोकांनीच त्याला तिथल्याच काजूच्या झाडाखाली पुरला. मामा परतले तेव्हा कोणीतरी म्हणालं, नार्व्याच्या बाजूला जाताना दिसला होता. "खरें सांगपाची कोणाची छाती जाली ना रे."

 ते झाड मला चांगलंच ठाऊक होतं. तिथे सगळे ट्रक हळू होत. मी नवा असताना उस्तादाला, म्हणजे गाडीच्या ड्रायव्हरला, कारण विचारलं, तर तो म्हणाला, "तिथं हळू जायचं. विचारायचं नाही." मला वाटलं, राखणदार असणार. म्हणजे गावची राखण करणारा देव, असा इथे जागोजागी असतो. मी भित्रा; दर अमावास्येला मी त्या झाडाखाली एक उंडो ठेवून हात जोडत होतो. देवा, ब्रेक सांभाळ! आणि सांगायला हरकत नाही, ब्रेक एकदाही दगा देऊन गेले नाहीत.

पण आता झोप उडाली. मामांनी स्वतःच भर अंगणात सांगितलं होतं, कोणीतरी सांगायला हवं. त्यांच्याच चुलीवरच्या पाण्याने मी रोज माणसात येत होतो. मग मी नाही तर कोण? आणि सांगितलं, तर मामा वाट कोणाची बघणार?

पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद होते आणि आम्ही सगळे घरी जातो. त्या वर्षी मालकाने गाड्यांच्या राखणीला मला ठेवून घेतलं. श्रावणातला एक दिवस. मी ओटीवर आलो आणि बघतच राहिलो. रस्त्यावरची सगळी कुत्री धुऊन निघाली होती! पिवळी पिवळी दिसत होती, काळी काळी. गावात इतके रंग आहेत, हे मला माहीतच नव्हतं. पांढरं मात्र एकही नव्हतं.

आणि मामा रस्त्याकडे पाठ करून फणसाच्या आठळ्या सोलत बसले होते. बालदी कोपऱ्यात पालथी.

मी शेजारी बसलो.  "मामा, धवलोबद्दल एक सांगायचं होतं."

"काजीमुळांत पुरला तें?" मामांनी मान वर केली नाही. "म्हाका खबर आसा."

"कोणी सांगितलं?"

"कोणेंच ना. तुमी ड्रायव्हर देवळाकडेन सुद्दां हळू जायनात, आनी त्या काजीकडेन जातात. इतलें कळना म्हाका?"

पन्हाळीचं पाणी बदाबदा पडत होतं. मी विचारलं, "मग कुत्री कशाला धुता?"

त्यांनी आठळी हातात फिरवली. "तांबडे जाले म्हणटकच खंयचोय सुणो धवलो आसूं येता. न्हाणयसर तरी आसूं येता. पावसांत तशें ना रे." तांबडा झाला की कोणताही कुत्रा धवलो असू शकतो, निदान धुईपर्यंत तरी. मग आठळ्यांची वाटी माझ्याकडे सरकवली. "तूं सोल. म्हजीं बोटां दुखतात."

दसरा झाला. वाहतूक सुरू झाली. पहिल्याच खेपेला मी काजूपाशी गाडी थांबवली, खाली उतरलो आणि उंडो ठेवला. ह्या वेळी ब्रेकचं काही मागितलं नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तो डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. अंगणात बालदीतून वाफ येत होती. एकही कुत्रं हाती लागलं नव्हतं, सगळी रानात. मामांनी मला पाहिलं आणि हातातला तांब्या उचलला.

"हांगा बस."

मी पायरीवर बसलो.

"उगी राव," मामा म्हणाले आणि माझ्या डोक्यावर पाणी ओतू लागले. "पळोवया, भितर कोण आसा तो!"