ओलिंका आत्या गेली!

सरकारी कार्यालयाला घाबरायचं काय? तीही आपल्यासारखीच माणसं! असं मी ओलिंका आत्याला ऐटीत सांगत असे. सत्तरी उलटलेली आत्या, गुडघे कायमचे निकामी. तिची चूल सरकारी भत्त्यावर पेटायची. त्यात आमच्या युपिक आदिवासींच्या ट्रस्टकडून तिला वाटा मिळाला आणि तिची झोपच उडाली! आंधळ्या निकिफोरने असाच वाटा घेतला होता आणि उत्पन्न वाढलं म्हणून त्याचा भत्ता बंद पडला होता.

“त्यांचा फोन आला तर रे, वसिली?”

“येऊ दे! मी बसलोय ना!”

तिला साल्मन मासे सुकवायला नदीवरच्या छावणीत धाडलं, आणि फोन आलाच.

“भत्ता कार्यालय. ओलिंकाबाई आहेत?”

मी ताडकन उभाच राहिलो. “आत्या... गेली!”

“अरेरे! कधी?”

“आज सकाळी.”

“फार त्रास झाला का हो त्यांना?”

“त्रास आम्हाला! चौघांनी उचलली तेव्हा कुठे निघाली!”

“देव त्यांना शांती देवो. तशी नोंद करते.”

शांती? नोंद? मी विचारात पडलोय तोच घरातला, गावभर एकमेकांशी बोलायचा रेडिओ खरखरला. कार्यालयातल्या बाईंची मावसबहीण आमच्याच गावची! “ओलिंका गेली हो! फादर मकारी फळ्या घेऊन छावणीकडे निघालेत!”

होडी काढून मी सुसाट सुटलो.

आत्या मासे कापत होती. काळा झगा आणि शवपेटीच्या फळ्या पाहून ती पांढरीफटक पडली. “फादर, आमचा वसिली गेला का हो?”

“नाही बाई,” फादर चाचरले, “तुम्ही गेलात!”

तेवढ्यात मी पोचलो. तिने सुरी हातात ठेवूनच सगळं ऐकून घेतलं. “मेल्या!” म्हणत तिने सुरी खाली टाकली. “आता भत्ता कुठला? हिवाळ्यात जळण कुठून आणू रे?”

गावात परतताच तिने स्वतः फोन लावला. “मी ओलिंका. जिवंत आहे!”

“नोंदीत तसं दिसत नाही, बाई.”

मग आत्याने अशा काही अस्सल शिव्या हासडल्या, की पलीकडे शंकाच उरली नाही!

“दुरुस्त करते, बाई! आम्ही फोन एवढ्यासाठीच केला होता, की नव्या कायद्याने म्हाताऱ्या नि अपंग माणसांच्या ट्रस्टचा पैसा भत्ता ठरवताना उत्पन्नात धरायचा नाही. तुमचा भत्ता चालूच राहील. तुम्ही काहीही करायचं नाही. फक्त जिवंत राहायचं!”

आत्याने फोन ठेवला आणि हळूच माझ्याकडे वळून पाहिलं.

मी लगबगीने होडीतलं पाणी उपसायला गेलो. होडी कोरडी ठणठणीत होती, पण उपसत राहिलो!