दुखण्याचा आकडा

भोईरकाकांसमोर ‘आई गं’ म्हणायची सोय नाही. लॅबच्या पायरीवर माझा अंगठा ठेचकाळला, मी डोळे मिटून एका पायावर उभी, आणि हे माझ्या तोंडापुढे प्लास्टिकची डबी धरून म्हणतात, ‘‘थुंक आदी. वरडायचं मागून बगू.’’

शिळफाट्यावरच्या आमच्या लॅबमध्ये मी काउंटरला बसते, रिपोर्ट टाइप करते. काका तिथले जुने टेक्निशियन. रक्त काढताना हात इतका हलका, की लहान मुलं रडायचं विसरतात. माणसाच्या शब्दावर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. ‘‘माणूस खोटं बोलंल, नमुना नाय बोलणार,’’ हे दिवसातून चारदा ऐकावं लागतं. दुखायला लागलं की लाळेतलं अमायलेज नावाचं पाचकद्रव्य वाढतं, असं त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं आणि झालं! रक्तातलं अमायलेज मोजायचं मशीन आमच्याकडे होतंच. काका त्यात लाळ घालू लागले.

वेड उगाच नव्हतं. गावी, पोशीरला त्यांची आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली, वाचा गेलेली. तिला दुखतंय की नाही, कुणालाच कळत नव्हतं. जवळ राहणारा धाकटा भाऊ म्हणायचा, ‘‘दादा, तिला आता काय समजत नाय, काय दुखत नाय.’’ काकांनी एकदा परस्पर डॉक्टर नेला, तर भावाने त्याला दारातूनच परत पाठवलं. ‘‘माझ्यावर भरोसा नाय का?’’ म्हणून वर रुसला. तेव्हापासून काकांना त्याच्यापुढे टाकायला कागद हवा होता.

पण आधी मशीन पारखून घ्यायला हवं. मुतखड्याने बाकावर गडाबडा लोळणाऱ्या एकाचा आकडा अगदी बेताचा आला. त्याला घेऊन आलेला मेहुणा बाहेर वडापाव खाऊन नुकताच आत शिरला होता, त्याचा तिप्पट. काका त्यालाच आडवं करायला निघाले.

‘‘अवो, मला काय झालंय?’’

‘‘तुमाला नाय कळायचं. आकडा बगा.’’

ठाकुरवाडीची एक आजी कंबर धरून आली. मशेरीने तिची लाळ तपकिरी झालेली. काका म्हणाले, उद्या मशेरी न लावता या. आजी उसळली, ‘‘मशेरी नाय लावली तं डोकं दुखतं रं माजं! ते कुटल्या डबीत मोजशील?’’

ज्यांचं तोंड कोरडं, त्यांना दाखवायला काकांनी खणात चिंच ठेवली. लॅबच्या मालक डॉक्टरसाहेबांनी ती पाहिली. ‘‘भोईर, लॅब चालवतोय की किराणा?’’ मग त्यांनीच समजावलं, की हा आकडा खाण्याने चढतो, भीतीने चढतो, सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी नव्या डब्या मागवल्या.

गेल्या सोमवारी ते पोशीरहून दोन डब्या घेऊन आले. अंथरुणाला लागून आईची पाठ सोलली होती. जखम धुताना एक नमुना तिचा घेतला होता. दुसरा त्याच वेळी त्यांचा स्वतःचा, निरोगी माणसाचा म्हणून ताडून बघायला.

आईचा आकडा नॉर्मल आला. काकांचा इतका वर, की मशीन बिघडलं की काय म्हणून मी दोनदा पाहिला.

काकांनी दोन्ही डब्यांवरची नावं पुन्हा वाचून पाहिली. आजवर केलेल्या थट्टेची मला लाज वाटली. मग ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

‘‘आईचा रिपोर्ट कर. ह्यो माजा आकडा टाक.’’

‘‘काका, खोटा रिपोर्ट? आणि तुम्ही सांगताय?’’

‘‘जखम धुताना ती टक लावून माज्याकडं बगत होती गं.’’ त्यांनी चष्मा काढून हातात धरला. ‘‘आकडा खराच हाय. नाव तेवडं तिचं टाक.’’

मी नाव टाकलं आणि प्रिंट काढून त्यांच्या हातात दिली.