खाली येण्याची बढती

बाकीच्या जगात बढती मिळाली की माणूस वर जातो. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, लाकडी खुर्चीतून फिरत्या खुर्चीत. झाडं छाटणाऱ्यांच्या टोळीत मात्र सगळी उलटी गंगा. तिथं हातपाय धड असलेल्या माणसाला दोर बांधून वर चढवतात, आणि वीस-पंचवीस वर्षं तो इमानेइतबारे लटकला तर एक दिवस खाली बोलावतात. हातात कागद अडकवायची पाटी देतात, गळ्यात शिट्टी घालतात, आणि तोंड वर करून दुसऱ्यांवर ओरडायचा अधिकार देतात. याला म्हणतात मुकादम होणं.

शेंडाला असं खाली यायचं होतं. फार दिवसांपासून यायचं होतं.

शेंडा हे त्याचं टोळीतलं नाव. कितीही उंच झाड असो, सगळ्यात वरच्या डहाळीला टपली मारल्याशिवाय तो उतरत नसे, म्हणून शेंडा. पण ती टपली पंचविशीतली. आता वय एकोणपन्नास. सकाळी पलंगावरून उठताना गुडघे असे वाजत की बायको झोपेतच विचारी, "कुठली फांदी मोडली?" खाली उभं राहायला मिळालं नाही, तर दोन-तीन वर्षांत हे गुडघे त्याला कायमचं घरी बसवणार होते, आणि घरी बसण्याइतकं त्याचं घरात वजन नव्हतं.

महिनाअखेर जुने मुकादम निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी दोनच नावं होती. एक शेंडा, दुसरा घेरी. हा घेरी सोळा वर्षं टोळीत होता आणि या सोळा वर्षांत शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर गेला नव्हता. चौथ्या पायरीवर त्याला चक्कर येई. तो पडलेल्या फांद्या ओढी, चहा आणी आणि वरच्या माणसाला "सावकाश रे!" म्हणे. अशा माणसाशी आपली स्पर्धा आहे, याचंच शेंडाला हसू येई. (दुसऱ्यावर हसताना माणसाने आधी आपल्या पायाखाली बघावं. शेंडा ते कधी बघत नसे. ती सवयच नव्हती.)

अडचण होती ती लिहिण्याची. शुक्रवारी मुकादमांनी त्याला बाजूला घेतलं.

"शेंडा, मुकादमाचं निम्मं काम कागदावर असतं. रविवारी चार वाजता तुझ्या घरी चहाला येतो. एका कामाचं धोकापत्रक पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत भरून ठेव."

"कुठल्या कामाचं?"

"कुठल्याही. पण खऱ्या. मागच्यासारखं कल्पनेतलं झाड नको. त्याची उंची तू एका पानावर चाळीस फूट लिहिलीस आणि दुसऱ्या पानावर चार."

हे धोकापत्रक म्हणजे एका बड्या अधिकाऱ्याच्या डोक्यातली निपज. झाडाशी त्या अधिकाऱ्याचा संबंध गाडी सावलीत लावण्यापुरता. पण एक फांदी कापायची तर चार पानं भरायची, असा त्याने नियम काढला. एक वाळलेलं झाड तर पत्रक मंजूर होण्याआधीच आपणहून आडवं झालं. मग ते विनापरवानगी पडल्याबद्दल आणखी चार पानं भरावी लागली.

रविवार उजाडला, दुपारचे दोन वाजले, तरी शेंडापुढचं पत्रक कोरंच. तेवढ्यात बायको आतून म्हणाली, "अहो, थंडी पडायला लागलीय. माळ्यावरून पांघरुणांची ट्रंक तेवढी काढून द्या. स्टूल ठेवलंय."

आणि शेंडाच्या डोक्यात उजेड पडला! खरं काम, उंचीवरचं काम आणि घरच्या घरी. तो स्टुलापाशी गेला आणि ते पायाने बाजूला सरकवत म्हणाला, "स्टूल? स्टुलावर चढणं म्हणजे आत्महत्या. हे काम नियमाने, पत्रक भरून होईल."

स्टुलावर चढला असता तर अर्ध्या मिनिटात ट्रंक खाली आली असती आणि ही गोष्ट इथंच संपली असती.

सासूबाई खिडकीपाशी पेपर वाचत बसल्या होत्या. वय त्र्याहत्तर, चष्मा जाड, शब्द त्याहून जाड. आयुष्यभर एका गोदामात मालाच्या पावत्या तपासलेल्या. सही नसलेला कागद दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. पत्रक म्हटल्यावर पेपर बाजूला पडला.

"आणा इकडं. तुमचं अक्षर म्हणजे वाळवी फिरल्यासारखं. मी लिहिते, तुम्ही सांगा. काम?"

"ट्रंक उतरवणे."

"उंची?"

"नऊ फूट."

"धोके?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "नवरा लिही आई."

"निषिद्ध साधनं कोणती?"

"स्टूल, खुर्ची, टेबल," शेंडा जोरात म्हणाला. "कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. खाली दोन रेघा मारा."

सासूबाईंनी पट्टी घेऊन दोन रेघा मारल्या. "खालची जबाबदार व्यक्ती?"

हा रकाना महत्त्वाचा. वर चढणाऱ्यावर नजर ठेवायला आणि वेळ आली तर त्याला खाली आणायला एक माणूस जमिनीवर लागतोच. बायको म्हणाली, माझं दूध गॅसवर आहे, मी कुणासाठी जबाबदार नाही. उरल्या सासूबाई. त्यांनी संपूर्ण पत्रक आधी वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि मग सही केली. खाली तारीख, वेळ.

मग शेंडा सजला. करवतीपासून पाय वाचवणारी जाड विजार, हेल्मेट, कमरेचा पट्टा, मांड्यांचे पट्टे. घराचं छप्पर उतरतं होतं, मधोमध जुनं सागवानी आढं. त्यावरून त्याने दोर टाकला. पहिल्या फेकीत वजनाची पिशवी घड्याळाला लागली, दुसऱ्या फेकीत सासूबाईंच्या चष्म्याजवळून गेली, तिसऱ्या फेकीत आढ्यावरून पलीकडे पडली. खोलीत त्याने लाल-पांढरी पट्टी बांधली, "आत येऊ नये". त्या पट्टीमुळे स्वयंपाकघराचं दारही बंद झालं आणि बायको दुधासकट आत अडकली.

"अहो, मी बाहेर कशी येऊ?"

"काम संपेपर्यंत धोक्याची हद्द ओलांडायची नाही!"

"धोका रकान्यात लिहिलाय की!"

दोराला त्याने आपली नेहमीची गाठ मारली. ही गाठ मोठी गुणाची. अंगाचं वजन आलं की दोराला घट्ट धरते, बोटांनी दाबली की सरकते. टोळीत तिला 'सासू' म्हणतात, पण हे घरी सांगण्याइतका शेंडा मूर्ख नव्हता. एकच चूक झाली. त्याचा जुना, हाताखालचा दोर कामावरच्या कपाटात होता आणि रविवारी कपाटाला कुलूप. घरी होता तो नवाकोरा, बारीक, मऊ दोर. अशा दोरावर ही गाठ धरते ती धरतेच. टोळीतला कालचा माणूससुद्धा हे जाणतो. शेंडाही जाणत होता. पण माणसाला नऊ फुटांचा माळा दिसला की चाळीस फुटांचं ज्ञान विसरायला होतं.

तो चढला. दोन-अडीच फूट वर गेला, अंगाचं वजन टाकलं आणि गाठ चावली. वर सरकेना, खाली सरकेना. ट्रंक वीतभर लांब. हात लांबवला की अंग गोल फिरे आणि तोंड भिंतीकडे होई.

"काय झालं?" सासूबाई.

"काही नाही. अंदाज घेतोय."

पाच मिनिटं अंदाज घेतल्यावर तो हळूच म्हणाला, "आई, ते स्टूल जरा पायाखाली सरकवता का? वजन निघालं की गाठ सुटेल."

सासूबाईंनी चष्मा लावला, पत्रक उचललं आणि वाचलं. "स्टूल, खुर्ची, टेबल. कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. खाली दोन रेघा. खाली माझी सही."

"अहो, पण नियम मीच केला ना!"

"नियम करणारा कुणीही असो, सही माझी आहे. असले बदल मी गोदामाच्या मालकालासुद्धा करू दिले नाहीत, जावईबापू."

तेवढ्यात बायको पट्टीखालून वाकून बाहेर आली, स्टूल ओढलं, वर चढली. "जरा बाजूला व्हा हो," म्हणत तिने नवऱ्याला हाताने झोका दिला, ट्रंक उतरवली आणि पांघरुणं झटकायला अंगणात निघून गेली. अर्धं मिनिट लागलं.

"हिला चालतं का?" शेंडा ओरडला.

"तिचं नाव पत्रकात कुठं आहे?" सासूबाई म्हणाल्या.

आणि दारावर थाप पडली. चार वाजले होते. मुकादम वेळेचे पक्के.

अडकलोय म्हणावं, तर पंचवीस वर्षं झाडं चढलेला माणूस स्वतःच्या घरात, ट्रंकेपायी, चुकीच्या दोरावर अडकला, ही गोष्ट उद्या सगळ्या टोळीत. मग कसली मुकादमी? मुकादम आत आले, वर बघितलं, थबकले.

"हे काय रे शेंडा?"

"या, या साहेब. बसा." शेंडा हसला. (ते हसू खालून दिसत होतं त्याहून वरून फार केविलवाणं होतं.) "काही नाही, सराव चाललाय. उंचीवर मन शांत ठेवायचा. रोज तासभर असतो असा."

"रोज?"

"रविवारी जरा जास्त."

मुकादम खुर्चीवर बसले. सासूबाईंनी चहा ठेवला. शेंडाच्या कपाचं काय करायचं ते कुणाला सुचेना, तेव्हा मुकादमांनी उठून तो त्याच्या हातात दिला. शेंडा फिरत-फिरत चहा प्यायला. एक घोट मुकादमांकडे बघून, एक घोट भिंतीकडे बघून.

मुकादमांनी गाठीकडे निरखून पाहिलं. "सासू भलतीच घट्ट बसलीय की रे."

"मी बसलेली नाही," सासूबाई म्हणाल्या. "मघापासून उभी आहे. जबाबदार व्यक्ती आहे मी."

मुकादमांना ठसका लागला. मग त्यांनी पत्रक मागितलं. एकेक रकाना वाचत गेले आणि भुवया वर जात राहिल्या. "वा! अकरा वर्षांत असं पत्रक पाहिलं नाही. उतरतोस का, बोलू जरा?"

"इथूनच बोलतो साहेब. इथं मला सुचतं."

मग मुकादमांनी प्रश्न विचारले. सडलेली फांदी आधी कुठून कापायची, तारेजवळ काम कसं करायचं, वारा वाढला तर काय. शेंडाने सगळ्यांची उत्तरं दिली. मांड्यांचे पट्टे रुतत होते, डावा पाय आपला आहे की शेजाऱ्याचा ते कळत नव्हतं, तरी आवाज हलू दिला नाही. मध्ये बायको येऊन म्हणाली, "अजून लटकलायत?" तर तो म्हणाला, "हो, आज बरं वाटतंय." पाऊण तास गेला. मुकादम उठले, त्याच्या लोंबणाऱ्या बुटाशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "शेंडा, तुझ्याबद्दल माझं मत आज ठरलं. उद्याच वरच्या साहेबांना लिहितो."

दार लागताच शेंडा कळवळला, "आई, आता तरी!"

सासूबाईंनी पेन काढलं. 'स्टूल' या शब्दावर आडवी रेघ मारली, बाजूला बारीक सही केली, वेळ टाकली. "दुरुस्ती आधी सांगायची असते," म्हणाल्या आणि स्टूल सरकवलं.

शेंडा उतरला तो जमिनीवरच बसला, कारण पाय उभे राहायला तयार नव्हते. पण डोळ्यांत पाणी होतं ते आनंदाचं. मुकादमी हातात आली होती! बायकोने मांड्यांना तेल चोळता-चोळता विचारलं, "खरं का नाही सांगितलंत हो?"

"खरं सांगणारे कधी मुकादम झालेत का?" शेंडा म्हणाला.

आठवड्याने हुकूम आला. मुकादमांनी सगळ्या टोळीसमोर, एका प्रचंड पिंपळाखाली तो वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'सदर कर्मचारी सुटीच्या दिवशीही स्वखुशीने उंचीवर राहतो, तेथेच चहा घेतो, व खाली येण्यास सांगितले असता नकार देतो. अशा माणसाला जमिनीवर ठेवणे हे खात्याचे नुकसान होय. सबब त्यास ज्येष्ठ आरोहक अशी बढती देऊन यापुढे सर्वांत उंच झाडे त्याच्याकडेच सोपवावीत.'

टाळ्या पडल्या.

"आणि मुकादम कोण?" शेंडाने विचारलं.

"घेरी," मुकादम म्हणाले. "त्याला वर पाठवायची सोय नाही, मग ठेवायचा कुठं?"

शेंडाला त्या क्षणी सगळं खरं बोलून टाकावंसं वाटलं. पण टोळी टाळ्या वाजवत होती, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच वाजवत होती, आणि त्या टाळ्या थांबवायला जे लागतं ते त्याच्यापाशी नव्हतं. त्याने पट्टा आवळला आणि निघाला वर, गुडघे वाजवत.

साठ फुटांवर दम घ्यायला थांबला, तेव्हा खालून शिट्टी ऐकू आली. गळ्यात शिट्टी, हातात पाटी, घेरी तोंड वर करून मनापासून ओरडत होता, "शेंडा, उतरायची घाई करू नकोस हं! जेवणाचा डबा वरच पाठवतो!"